बाबाकुतु, आत्या आणि मी : मादागास्करचे नऊ दिवस

दिवस पहिला : ताना

आत्या चिपळूणची. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता अडुसष्टची आहे, एक गुडघा बदललेला. मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच तिने जाहीर केलं, "लेमूर मी फळ्यावर शंभरदा काढला असेन, खरा एकदाही पाहिला नाही. तू येतेस की मी एकटी जाऊ?" लेमूर म्हणजे माकडांचे दूरचे नातलग, मादागास्करचे रहिवासी. तिला एकटीला पाठवायची घरात कुणाची छाती नव्हती, म्हणून मी. मुंबईहून मॉरिशस, तिथून आंतानानारिव्हो. इथे सगळे नुसतं ‘ताना’ म्हणतात.

ऑक्टोबर असल्यामुळे आनोसी तळ्याभोवती नीलमोहर नुसता पेटला होता. मी फोटो काढायला लागले तर आत्या म्हणाली, "हा इथला नव्हे गो, हा दक्षिण अमेरिकेतला. इथला तो गुलमोहर. आणि आपल्या तुळशीशेजारची सदाफुलीसुद्धा." साताऱ्यात १ मे ला लोक ज्याचा दिवस साजरा करतात त्या झाडाचं माहेर हे, हे मला पन्नाशीत कळलं.

जेवायला भात. इथला माणूस तिन्ही त्रिकाळ भात खातो, आणि भाताला म्हणतात ‘वारी’. आत्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. जेवणानंतर भाताच्या भांड्याला तळाशी लागलेली खरवड पाण्यात उकळून ते पाणी प्यायला देतात, ‘रानुवुला’. खरपूस, जळकट, पोटाला बरं वाटणारं. त्यातलं ‘रानु’ म्हणजे पाणी. मालागासीत लिहितात ‘ओ’ आणि म्हणतात ‘उ’, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही सगळ्या गावांची नावं चुकीची घेत होतो.

रात्री आत्याचा तास झाला. ‘लेमूर’ हे नाव लिनियसने दिलं, रोमन लोकांच्या ‘लेमुरेस’ नावाच्या भुतांवरून. गंमत म्हणजे ते देताना त्याच्या डोळ्यांसमोर होता तो रात्री हळूहळू चालणारा लोरिस, श्रीलंकेकडचा, आपल्याकडच्या लाजवंती वानराचा भाऊबंद. लोरिस पुढे दुसऱ्या कुळात गेला, भुताचं नाव या लोकांना चिकटलं. मग १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने असली जनावरं इकडेही नि तिकडेही कशी, म्हणून मादागास्कर आणि भारत यांच्यामध्ये एक बुडालेला खंडच कल्पिला. नाव ठेवलं लेमुरिया. खंडबिंड काही बुडाला नव्हता. मादागास्कर आणि भारत एकमेकांना चिकटलेले होते हे मात्र खरं. सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी ते सुटे झाले. लेमूरांचे पूर्वज त्यानंतर कितीतरी काळाने आफ्रिकेकडून आले, बहुधा वाहत्या झाडझाडोऱ्यावर बसून. "म्हणजे निर्वासितच," एवढं बोलून आत्या घोरायला लागली.

दिवस दुसरा : आंदासिबेचा रस्ता

तानाहून पूर्वेला दीडशेएक किलोमीटर. ऐकायला तीन तासांचं काम, लागले साडेपाच, कारण हाच रस्ता तोआमासिनाच्या बंदराकडे जातो आणि देशातला झाडून सगळा ट्रक याच रस्त्यावर असतो. खंबाटकी घाटाची सवय असलेल्या माणसालाही देव आठवावा अशी वळणं.

रस्त्याच्या कडेने कोळशाची पोती. तोंडाशी गवत खुपसून शिवलेली, पाच-पाच, दहा-दहा. आत्याने मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. तानामधल्या बहुतेक चुली या कोळशावर चालतात. त्या पोत्यांमागच्या टेकड्या वस्तरा फिरवल्यासारख्या, मध्येच निलगिरीचे पट्टे. जंगल कुठाय, असं मी तीनदा विचारलं. ते शेवटच्या तासात आलं.

राष्ट्रीय उद्यानात रात्री आत सोडत नाहीत, म्हणून रात्रीची फेरी उद्यानाबाहेरच्या रस्त्याने. वाटाड्याने विजेरी फांद्यांवरून फिरवली आणि एका जागी दोन निखारे पेटले. अशा निशाचर लेमूरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो, आपल्या मांजरासारखा. निखाऱ्यांमागे काय होतं ते दिसायला अर्धं मिनिट लागलं: लिंबाएवढं डोकं, कागदासारखे पातळ कान, फांदीला घट्ट धरलेली चार इवलीशी बोटं. उंदीर-लेमूर. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. याच्या एका भावकीचं, पश्चिमेकडच्या किरिंदीच्या जंगलात राहणाऱ्याचं, वजन तीस ग्रॅमच, आणि तो जगातला सगळ्यात लहान प्रायमेट आहे. म्हणजे माकडं-माणसं ज्या गणात येतात त्या तुमच्या-माझ्या गणातला. आत्याने त्याला चक्क नमस्कार केला.

दिवस तिसरा : बाबाकुतु

हा दिवस नीट लिहिते. ज्याच्यासाठी आलो तो हाच.

सकाळी साडेसहाला आंदासिबेच्या उद्यानातल्या आनालामाझाउत्रा जंगलाच्या फाटकाशी हजर. बारीक पाऊस, सगळं हिरवं-काळं. आमच्या वाटाड्याने माग काढणारा एक मुलगा पुढे धाडला होता. आम्ही मागून, आत्या दोन काठ्यांवर. तासभर काहीच नाही. जळवा नव्हत्या ही एक मेहेरबानी. मला तर वाटायला लागलं होतं की आंबोलीलाच आलोय.

आणि मग आवाज.

आधी एक घोगरी आरोळी, सगळ्यांची एकदम, कुणीतरी जुना दरवाजा ओरबाडून उघडावा तशी. माझ्या पोटात गोळा आला. त्या पाठोपाठ लांबलचक सूर, शंख आणि शिट्टी यांच्या मधला. मग तोच सूर वरून खाली घसरत येतो, तोवर दुसऱ्याने उचललेला असतो. डोक्यावर पन्नास-साठ फुटांवर तीन इंद्री बसले होते आणि एखादं कुटुंब आरतीला उभं राहावं तसे गात होते. दोनेक मिनिटांनी थांबले. डोंगरापलीकडून दुसऱ्या घराने उत्तर दिलं. हे गाणं दोन किलोमीटरच्या पुढे सहज जातं. ‘हे रान आमचं, तुम्ही तिकडे’ असा त्याचा अर्थ. मी रेकॉर्ड करत होते, हात थरथरत होता.

इंद्री हा हयात लेमूरांतला सगळ्यात मोठा, साडेनऊ किलोपर्यंत भरतो. काळा-पांढरा, कान टेडीबेअरचे, डोळे पिवळट हिरवे, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. बुंध्याला मिठी मारून उभा बसतो आणि त्याच उभ्या अंगाने दहा-दहा मीटर लांब उडी घेतो. खाली फांदीचं पानसुद्धा हलत नाही, जनावर मात्र दुसऱ्या झाडावर असतं. मादीच्या पाठीवर चारेक महिन्यांचं पिल्लू होतं. उडी मारताना ते डोळे मिटून घेतंय असं मला वाटलं. आत्या म्हणाली, तुझ्यासारखंच. खायला मुख्यतः कोवळी पानं, आणि मधूनच खाली उतरून चक्क माती.

२०२१ मध्ये संशोधकांनी बारा वर्षांतली रेकॉर्डिंगं तपासून दाखवलं की इंद्रीच्या सुरांमधली अंतरं वाटेल तशी नसतात. ती एकास एक किंवा एकास दोन अशी बसतात. वाटाड्याने हे सांगितल्यावर आत्याने मांडीवर टाळी देऊन बघितली. "म्हणजे बरोबरी आणि दुगुन! तालात गातात मेले."

इथले लोक याला इंद्री म्हणत नाहीत. ‘बाबाकुतु’ म्हणतात, आणि ‘बाबा’चा अर्थ आपलाच. एक माणूस मधासाठी झाडावर चढला, माशांनी फोडून काढला, हात सुटला, तेव्हा बाबाकुतुने त्याला पाठीवर घेऊन खाली आणून सोडलं. तेव्हापासून त्याला मारणं ‘फादी’, म्हणजे निषिद्ध. आपल्या देवराईत कुऱ्हाड चालवत नाहीत त्यातलाच प्रकार. मग ‘इंद्री’ कुठून आलं? फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ सोनेरा याला वाटाड्याने बोट दाखवून ‘तो बघा’ अशा अर्थाचं काही म्हटलं आणि त्याने तेच नाव समजून वहीत लिहून टाकलं, अशी कथा आहे. खरी-खोटी देव जाणे. हाच सोनेरा भारतातही फिरला होता. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या शास्त्रीय नावात तो अजून बसलेला आहे.

फादीवर मात्र हल्ली फार विसंबता येत नाही. बाहेरून सोनं शोधायला, लाकूड तोडायला येणाऱ्यांचा बाबाकुतु कुणी लागत नाही, आणि उपाशी माणसाला आजोबांची गोष्ट पुरत नाही. इंद्रीची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. एक गेलं की भरून यायला किती काळ, हिशेब सोपा आहे. त्यातून वाईट म्हणजे हा प्राणी कोंडून जगत नाही. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात इंद्री नाही. वाघाचं ठीक आहे, जंगलात संपला तरी कुठेतरी पिंजऱ्यात ठेव असते. याची ठेव नाही. हे रान आहे तोवर हा.

तिघं निघून गेल्यावर आत्या बराच वेळ ओल्या ओंडक्यावर बसून होती. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं.

दिवस चौथा : रोपं आणि केळं

सकाळी गावातल्या लोकांच्या मित्सिंजो या संस्थेच्या रोपवाटिकेत. काळ्या पिशव्यांत इथल्याच जंगलातल्या झाडांची रोपं, निलगिरीचं एकही नाही. जंगलाचे तुकडे झालेत, ते पुन्हा शिवायचे तर मधल्या उघड्या टेकड्यांवर हीच झाडं लागतात. जमिनीवरून चालत जाणं इंद्रीला परवडत नाही. आत्याने एक रोप लावलं, मी मातीने हात भरवून घेतले.

समोरच्या डोंगरावर धूर होता. ‘तावी’. पावसाआधी जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत डोंगरी भात पेरायचा, एक-दोन पिकांनंतर जमीन सोडून पुढे जायचं. रायगडात दळी होती, दक्षिणेकडे कुमरी. आमचा वाटाड्या त्या धुराकडे बघून रागावला नाही. त्याचा आजा हेच करायचा, म्हणाला, फक्त तेव्हा सोडलेल्या जमिनीला वीस वर्षं विसावा मिळायचा. आता घरं वाढली, पाच वर्षांत माणूस परत त्याच जागी. डोंगर जाळणाऱ्याला खलनायक करून मोकळं होणं विमानाने येणाऱ्या आम्हाला सोपं आहे. त्याच्या घरात तांदूळ कुठून येणार ते आधी सांगायला हवं.

दुपारी मी एक गोष्ट केली ती कबूल करते. जवळच एका ठिकाणी पाळीव लेमूर ठेवलेत. होडीतून पलीकडे जायचं, केळ्याचा तुकडा दाखवला की ते खांद्यावर येतात. आत्या गाडीतच बसली. "मी नाही. तू जा, तुझं फेसबुक आहे." गेले. एक तपकिरी लेमूर खांद्यावर धपकन आला. त्याने माझं बोट धरलं तेव्हा अंगावर काटा आला: तळवा गार, मऊ, चामड्यासारखा, आणि बोटांना चपटी नखं. पंजा नव्हे, हात. पायाच्या दुसऱ्या बोटाला मात्र एकच टोकदार नखी, तिने तो कान खाजवत होता. खालचे पुढचे दात एकत्र कंगव्यासारखे बाहेर आलेले, त्यांनी अंगावरची लव विंचरतात. नाक ओलं, कुत्र्यासारखं. केळं संपलं, तसा तो पुढच्या खांद्यावर गेला.

फोटो छान आलाय. अजून कुठे टाकलेला नाही. कालच्या तिघांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते राहून राहून आठवत होतं.

दिवस पाचवा आणि सहावा

रस्ता. पुन्हा ताना, मग दक्षिणेला आंत्सिराबे, मग आणखी खाली. एक पंक्चर. लाल विटांची दोन मजली घरं, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, वशिंडाची गुरं. आंत्सिराबेला माणसं ओढतात त्या रिक्षा आहेत. आत्याने बसायला साफ नकार दिला आणि भाडं तेवढं देऊन टाकलं. सोबत आणलेली लसणीची चटणी संपली.

दिवस सातवा : रानुमाफाना

‘रानु’ पाणी, ‘माफाना’ ऊन. ऊन पाण्याचे झरे आहेत म्हणून गावाचं नाव रानुमाफाना. म्हणजे आपलं उन्हवरे! आत्या दापोलीजवळच्या कुंडाची आठवण काढून खूश.

१९८६ मध्ये पॅट्रिशिया राइट ही अमेरिकन संशोधिका इथे आली ती मोठा बांबू-लेमूर शोधायला, जो संपलाच असं बरेच जण धरून चालले होते. तो सापडला, आणि शेजारीच सोनेरी रंगाचा आणखी एक सापडला, विज्ञानाला ठाऊकच नसलेला. पण जंगल तर तोडलं जात होतं. मग बाईंनी संशोधन बाजूला ठेवून सरकार, गावकरी, पैसे देणारे अशा सगळ्यांच्या मागे लागून १९९१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान उभं करवलं. माकडं बघायला आलेल्या माणसाला शेवटी बैठका घ्याव्या लागतात, हे आत्याला फार पटलं.

सोनेरी बांबू-लेमूर खातो ते महाबांबूचे कोंब आणि कोवळे देठ. त्यांत सायनाइड असतं. याच्या दिवसाच्या अर्धा किलो जेवणातलं विष एवढ्याशा जनावराला मारायला लागेल त्याच्या बारापट. "म्हणून तर आपण बांबूचे वास्ते रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकतो," आत्या म्हणाली. हा काही भिजवत-बिजवत नाही, तसाच खातो नि ताणून देतो.

आता माझी फजिती. वाट उतरणीची, मग पायऱ्या, मग पायऱ्याही नाहीत. आत्याचा गुडघा बोलायला लागला, ती एका वळणावर बसली. वर सिफाका जातीचे लेमूर दिसलेत असा निरोप आला, मी माग काढणाऱ्याच्या मागे धावत सुटले. बांबूची पाती गालावर, चिखलात दोनदा बसकण, आणि अर्ध्या तासाने कुठे लांब झाडाच्या शेंड्यात एक काळं ढुंगण दिसलं. तेही गेलं. खाली परत आले तर आत्या आहे तिथेच, गालात हसतेय. समोरच्या बांबूच्या बेटात, दहा फुटांवर, दोन सोनेरी बांबू-लेमूर पंधरा मिनिटं बसून कोंब सोलत होते म्हणे. उसाच्या कांड्यासारखा धरायचा, बाजूने चावायचा, साल दातांनी ओढून टाकायची. जमिनीवर ओल्या सालपटांचा ढीग होता, पुरावा म्हणून तिने तो दाखवला. मी एक सालपट उचलून हुंगलं. काकडीचा वास.

दिवस आठवा : आंजा

पावसाळी जंगल मागे पडलं. आंबालाव्हाओच्या पुढे उघडा माळ, त्यावर ग्रॅनाइटचे अजस्र कातळ, आणि पायथ्याशी तीसेक हेक्टरची गर्द राई. हे आंजा. हे राष्ट्रीय उद्यान नाही, गावाचं आहे. गावकऱ्यांनी मिळून राई सांभाळली, तिकिटाच्या पैशातून शाळा, रोपवाटिका, मत्स्यतळी केली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. कातळात वर बेत्सिलेओ लोकांची जुनी थडगी आहेत. तिकडे सरळ बोट दाखवायचं नाही, फादी. दाखवायचंच तर बोट मुडपून.

आणि कडेपट्ट्यांच्या शेपट्यांचे लेमूर. वीसेक जणांचं टोळकं दगडांवर बसून ऊन खात होतं: मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, पोट सूर्याकडे. पहाटेच्या बागेतला योगवर्गच. ऑक्टोबर म्हणजे पिल्लांचे दिवस, आयांच्या पोटाशी मुठीएवढी पिल्लं लटकलेली.

आत्याने वही काढली आणि एका शेपटीवरचे पट्टे मोजले. तीनदा मोजले. काळे-पांढरे मिळून पंचवीस, टोक काळं. "मी आठ काढायची. टोक पांढरं." थोड्या वेळाने, आणखी खालच्या आवाजात: "आणि फांदीला शेपटीने लोंबकळणारा काढायची." लेमूर शेपटीने लोंबकळत नाहीत. त्यांच्यातल्या कुणालाच ते जमत नाही, शेपूट नुसती तोलाला नि झेंडा म्हणून. तीस वर्षांच्या तुकड्या तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात.

त्या शेपटीचं आणखी एक काम पाहिलं. दोन नर समोरासमोर आले. मनगटाच्या आतल्या बाजूला गंधग्रंथी असतात, तिथे शेपूट घासून घेतली आणि मग ती डोक्यावरून एकमेकांकडे हलवत उभे राहिले. वासाचं भांडण. दात नाही, नखं नाही. वाऱ्यावर आला तो वास मला आला असं मला वाटतं, आत्या म्हणते ते माझे मोजे. तेवढ्यात एक मादी मधून चालत गेली, वाटेतल्या नराला एक थोबाडीत दिली आणि त्याची बसायची जागा घेतली. तो निमूट सरकला. प्राणिशास्त्रज्ञ ॲलिसन जॉली यांनी दक्षिणेतल्या बेरेंटीच्या जंगलात १९६३ पासून हे पाहिलं आणि तीन वर्षांनी लिहिलं, की इथे बायका वरचढ. तेव्हा माकडांच्या जगात नरच मालक असं सगळे धरून चालायचे.

आंजात हे लेमूर बकाणनिंबाची फळं आवडीने खातात. ते झाड बाहेरून आलेलं. बेरेंटीत मात्र बाहेरचं झाड अंगाशी आलं: चाऱ्यासाठी लावलेली सुबाभूळ खाऊन लेमूरांचे केस गळायला लागले, अक्षरशः टकले झाले. जास्त सुबाभूळ खाल्लेल्या गुरांचं आपल्याकडे काय होतं ते शेतकऱ्यांना विचारा.

राईच्या टोकाला उभं राहिलं की कळतं केवढीशी आहे ती. चारही बाजूंना गवत. २०२० च्या जागतिक यादीत लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात, त्यातल्या ३३ अगदी काठावर. घरून निघताना मी हा आकडा वाचला होता आणि तो मोठा वाटला होता. इथे मावळतीला आमच्या वाटाड्याने टोळक्यातल्या एकेका आईकडे मुडपलेल्या बोटाने दाखवून ही कुणाची लेक, हिचं मागचं पिल्लू कसं गेलं, ते सांगितलं.

दिवस नववा आणि नंतर

परतीचा रस्ता लिहिण्यासारखा नाही. दोन मुक्काम, कंबर गेली, सामानात एक बॅग जास्त.

चिपळूणला पोचल्यावर आत्याने पहिलं काम केलं ते जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर इंद्रीचं रेकॉर्डिंग टाकण्याचं. खाली लिहिलं, ‘मुलांनो, शेपटीचं चित्र दुरुस्त करून घ्या. टोक काळं. लोंबकळत नाही. चूक माझी.’ पहिलं उत्तर आलं एका मुलाचं, आता तो दुबईत इंजिनीअर आहे:

‘बाई, आवाज भारी आहे. पण त्यात मधून मधून एक जण "रेकॉर्ड होतंय का, रेकॉर्ड होतंय का" असं ओरडतो, ती कुठली जात?’